नाव वाचून ऐकलेले संगीत

१९९२ साली ‘जुलूम’ नावाचा एक अल्बम निघाला. काढला ऑस्ट्रेलियातल्या ‘एक्स्ट्रीम’ या कंपनीने. लिपी रोमन, मध्ये एक उगाचचा अपॉस्ट्रॉफी. शब्द मात्र आपला. अरबीतून निघून मराठीत इतका मुरलेला, की शाळकरी पोरालाही अर्थ सांगावा लागू नये. कलाकाराचे नाव ‘मुस्लिमगॉझ’. हे मलमलीच्या इंग्रजी नावावर केलेले शब्दखेळाचे नाव. गॉझ म्हणजे जखमेवर बांधायचे जाळीदार कापडही. तो शब्द गाझावरून आला, असा एक जुना तर्क आहे.

हा कलाकार अरब नव्हता, मुसलमानही नव्हता. खरे नाव ब्रिन जोन्स, राहणार मँचेस्टर. १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर स्वारी केली, त्या संतापातून त्याने हे नाव घेतले. इंग्लंडात १९७० नंतरच्या दशकात यंत्रांचा खडखडाट आणि टेपचे तुकडे यांतून ‘इंडस्ट्रियल’ संगीत उभे राहिले होते. पुढे काहींनी त्यात जपासारखी पुनरावृत्ती आणली. जोन्सचे काम त्याच्या शेजारचे.

समीक्षकांनी त्याच्या तालवाद्यांना दाद दिली, पण वाद झाला तो वेष्टनावर. संगीतात गाणे नाही, मग राजकारण कुठे आहे? फक्त शीर्षकांत? शिवाय हा गृहस्थ पश्चिम आशियात कधी गेलाच नाही. परक्यांच्या ताब्यातल्या भूमीवर जाणे योग्य नाही, असे तो सांगे.

आक्षेपात तथ्य आहे. याच अल्बममधल्या एका तुकड्याचे नाव ‘शिवा हुक्का’. आमच्याकडच्या कुठल्याही गोसाव्याने सांगितले असते, बाबा, महादेवाची चिलीम असते! दुसऱ्या अल्बमांवर त्याने हमास, हिजबुल्ला ही नावे घातली. मँचेस्टरात बसून सशस्त्र संघटनांची नावे अशी मिरवणे मला पटत नाही.

तरीही वेष्टनाशी थांबणारी समीक्षा मला खटकते, आणि त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या संग्रहावर एका परीक्षकाने लिहिले होते, ‘मुस्लिम असूनही भाषा किती शुद्ध!’ कविता होत्या आंब्याच्या कलमांवर. कलमांबद्दल एक अक्षर नव्हते.

अर्थात आमच्या दोघांत फरक आहे. माझे नाव आईबापांनी ठेवले, ते मला उतरवता येत नाही. जोन्सने आपले नाव हौसेने पांघरले. पांघरलेल्या नावाचा जाब विचारावाच. पण तो विचारून झाल्यावर कानही द्यावा.

कान दिला की काय ऐकू येते? हाताने वाजवलेला ठोका. तोच, पुन्हा तोच. जिक्रच्या बैठकीत बसलेल्याला ही चाल ओळखीची वाटेल, पण जिक्रची लय चढत जाते, माणसे एकमेकांच्या श्वासाला श्वास जोडतात. इथे लय चढत नाही. कोणी सोबत नाही. मागे कुठेतरी माणसांचे आवाज येतात, काय बोलतात ते कळत नाही. ‘कर्फ्यू, गाझा’ या तुकड्याचे नाव २०२३ नंतर वाचताना पोटात कालवते. ठोका मात्र १९९२ चाच आहे. तो त्या नावाचे ओझे पेलतो का, हे ऐकूनच ठरवायला हवे. मला विचाराल तर बराचसा पेलतो, कारण तो सुटकेचे आश्वासन देत नाही.

जोन्स १४ जानेवारी १९९९ रोजी गेला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्याने ध्वनिमुद्रणे इतकी करून ठेवली होती, की त्याच्यामागेही वर्षानुवर्षे नवे अल्बम निघत राहिले.