कपाटातली उष्णता कपाटातच



शनिवार पेठेत पाण्याचा विषय काढायचा तर कात्रजचं नाव आधी घ्यावं लागतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पाणी पुण्यात आलं. ते पेठांतल्या हौदांत पडलं, इथून हाकेच्या अंतरावरच्या शनिवारवाड्यातही पोचलं, आणि तेही निव्वळ उताराच्या जोरावर. आज मी ज्या पाण्याबद्दल बोलणार आहे, ते संगणकांच्या कपाटात शिरतं आणि तापून बाहेर येतं.

सर्व्हरमध्ये शिरलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. सर्व्हर ज्या उभ्या कपाटात रचतात त्याला रॅक म्हणतात. पूर्वी अशा एका रॅकमागे पाच-सहा किलोवॅट वीज लागायची. तेवढ्याला खोलीचा एसी पुरायचा. आता एनव्हिडियाच्या 72 चिप बसवलेला एक रॅक सुमारे 120 किलोवॅट खातो. कपाट तेवढंच, उष्णता वीसपट.

इथे थोडं गणित करू. 40 किलोवॅटचा मधल्या ताकदीचा रॅक घ्या आणि त्यातून जाणारी हवा 12 अंशांनी तापू द्या. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. या हिशेबानं दर सेकंदाला जवळपास तीन हजार लिटर हवा त्या कपाटातून ढकलावी लागेल. हेच काम पाण्याकडे सोपवलं तर सेकंदाला एक लिटरसुद्धा लागत नाही. पंखे कितीही मोठे लावले तरी हा फरक भरून निघत नाही. उलट पंख्यांचीच वीज वाढते, आणि एका रॅकनं सोडलेली गरम हवा शेजारच्या रॅकच्या तोंडात जाते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : उष्णता जिथे जन्मते तिथेच ती उचलावी. आधी खोलीभर पसरू द्यायची आणि मग अख्खी खोली गार करत बसायचं, हा मार्ग आता सोडला पाहिजे.

याचं उदाहरण पुण्यातच, पाषाणला आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2018च्या जानेवारीत ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. तो क्रे कंपनीच्या एक्ससी-40 घडणीचा. या घडणीत हवा रांगेतल्या कपाटांमधून आडवी वाहते. एका कपाटातून तापून निघालेली हवा पुढच्या कपाटात शिरण्याआधी पाण्याच्या कॉइलवरून जाते आणि तिथेच गार होते. खोलीवर उष्णतेचा भार फारसा पडतच नाही. मला ही रचना फार देखणी वाटते.

2024च्या सप्टेंबरमध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ आला, 11.77 पेटाफ्लॉप्सचा. सहा किलोमीटरच्या जाळ्यावर अंदाज मांडणारी भारत फोरकास्ट सिस्टिम त्याच्यावर चालते. खडकवासल्यात यंदा पाणी किती येईल याची काळजी करणाऱ्या प्रत्येक पुणेकरासाठी हे यंत्र राबतं आहे. ‘अर्क’ बुलसेक्वाना नावाच्या घडणीचा आहे. तिच्यात कॉइल आणि हवेची मध्यस्थीही बरीचशी संपते, पाणी थेट चिपपाशी जातं.

ते कसं, हे जवळून बघण्यासारखं आहे. चिपच्या पाठीवर तांब्याची पट्टी बसवतात. पट्टीच्या पोटात अतिशय बारीक खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांतून पाणी सरकतं. मागच्या बाजूला दोन उभे नळ, एक येणाऱ्या पाण्याचा, एक जाणाऱ्या. प्रत्येक सर्व्हरच्या नळ्यांना असे जोड असतात की सर्व्हर ओढून काढला की दोन्ही तोंडं आपोआप मिटतात. आतलं पाणी बंद चक्रात फिरतं. ते गाळलेलं असतं, गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषधं घातलेली असतात. आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी तिथे सोडलं तर खाचा लवकरच बुजून जातील. विजेच्या यंत्रात पाणी कशाला, ही भीती स्वाभाविक आहे, पण यंत्रात द्रव खेळवणं नवं नाही. 1985च्या क्रे-2मध्ये सर्किटंच्या सर्किटं वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती.

आता पुण्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे पाणी गार असावं लागत नाही. बुलसेक्वानाच्या घडणीत 40 अंशांपर्यंतचं पाणी आत सोडलेलं चालतं. मार्च ते मे सोडले तर आपल्याकडे दुपारचा पारा सरासरीनं 32-33च्या वर जात नाही. म्हणजे वर्षातले बहुतेक महिने हे पाणी गच्चीवरच्या रेडिएटरमध्ये नुसत्या पंख्यानं निवतं. पाणी गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर नको, कूलिंग टॉवर नको. पावसाळ्यातल्या दमट हवेत टॉवर मंदावतो, कारण तो बाष्पीभवनावर चालतो. रेडिएटरला दमटपणाची अडचण नाही.

बाष्पीभवनाची किंमतही सांगतो. एक मेगावॅट उष्णता फक्त पाणी उडवून घालवायची तर दिवसाला सुमारे 35 हजार लिटर पाणी हवेत जातं. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. मोठी डेटा सेंटरं अशा कित्येक मेगावॅटची असतात. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग 2015पासून पुण्यात आहे, आणि अशी केंद्रं इथे आणखी येणार. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या सोसायट्याही याच शहरात आहेत.

सगळं इतकं सोपंही नाही. वीजपुरवठ्याचे भाग, डिस्क यांना अजून थोडी हवा लागतेच. काही नव्या चिपना जास्त गार पाणी लागतं, मग चिलर परत येतो. एप्रिलच्या दुपारी रेडिएटरवर पाण्याचा फवारा मारावा लागेल. पण तेवढे आठवडे फवारा मारणं वेगळं आणि बारा महिने टॉवर चालवणं वेगळं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत नव्या डेटा सेंटरला परवानगी देताना चार आकडे मागावेत : प्रत्येक रॅकमागे किती किलोवॅट, रॅकमध्ये शिरणारं पाणी किती अंशांचं, वर्षाला हवेत उडणारं पाणी किती लिटर, आणि त्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी किती. हे आकडे दरवर्षी, वॉर्डाच्या नावासकट, सगळ्यांना वाचता येतील असे छापावेत.