मौनी सरकार आणि तक्रारीचा कागद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारकडे दाद मागणाऱ्या माणसाला नकाराची भीती वाटते. पण अनुभवी कार्यकर्त्याला विचाराल तर तो सांगेल, की नकारापेक्षा मौन अधिक अवघड. नकारात निदान काहीतरी लिहिलेले असते, त्याच्याशी वाद घालता येतो. उत्तरच न देणाऱ्या सरकारशी वाद घालायचा कसा? आणि जिच्यापाशी पोलीस नाही, तुरुंग नाही, जप्तीचा बेलीफही नाही, अशा आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला उत्तर द्यायला लावायचे कसे? आपल्यातले पुष्कळ जण ‘हे सारे कागदी घोडे’ म्हणून हा विषय सोडून देतात. मला ते मान्य नाही.

उरुग्वे या लहानशा देशाने १९७० साली नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला आणि त्याबरोबरच त्याचा ऐच्छिक पूरक करारही स्वीकारला. या पूरक करारामुळे सामान्य नागरिकाला आपल्याच सरकारविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे थेट तक्रार करता येते. पुढे १९७३ साली तेथे लष्कराच्या पाठिंब्याने हुकूमशाही आली. परंतु आधीच्या लोकनियुक्त सरकारने केलेली सही तशीच राहिली. १९७६ साली करार अमलात आला, आणि समितीच्या पहिल्या काही वर्षांतल्या निर्णयांपैकी फार मोठा भाग या एकाच देशाविरुद्ध गेला.

त्यातले एक प्रकरण एदुआर्दो ब्लेअर यांचे. ते उरुग्वेच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. (त्या पक्षाशी आपले मतभेद असतील, ते येथे गैरलागू आहेत.) ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांना पकडण्यात आले. लष्कराच्या एका तळावर आठवड्यातून एकदा कैद्यांची नावे वाचली जात, त्या यादीत त्यांचे नाव असे. घरची माणसे धुतलेले कपडे देत आणि मळलेले कपडे परत घेऊन येत. मग एके दिवशी तेही थांबले. १९७८ साली कुटुंबीयांनी समितीकडे तक्रार केली. त्यावर सरकारचे म्हणणे काय, तर हा इसम कोठे आहे ते आम्हाला माहीत नाही. ऑगस्ट १९७६ पासून त्याच्या अटकेचे वॉरंट निघालेले आहे! तुरुंगात त्यांना पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांबद्दल अवाक्षर नाही.

मार्च १९८२ मध्ये समितीने जो निर्णय दिला, त्यातला विचार आपण नीट समजून घेतला पाहिजे. सिद्ध करण्याचा भार एकट्या तक्रारदारावर टाकता येणार नाही, असे समितीने म्हटले. कारण तक्रारदार आणि सरकार यांना पुरावा सारखाच उपलब्ध नसतो. कोठडीची नोंदवही सरकारच्या कपाटात असते. आरोपाला आधार देणारी माहिती तक्रारदाराने पुढे ठेवली आणि उरलेला खुलासा केवळ सरकारच करू शकत असेल, तर सरकारच्या समाधानकारक पुराव्याअभावी आरोप सिद्ध धरता येईल. नुसते ‘आम्हाला अमान्य आहे’ एवढे पुरणार नाही. मौनाचा फायदा मौन धरणाऱ्याला मिळू द्यायचा नाही, हे तत्त्व येथे स्थिर झाले.

अमेरिका खंडातल्या देशांच्या न्यायालयाने तोच धागा पुढे नेला. होंडुरासमधला विद्यार्थी मानफ्रेदो वेलास्केस याला सप्टेंबर १९८१ मध्ये राजधानीतून उचलून नेण्यात आले. त्या खंडाच्या मानवी हक्क आयोगाचा नियमच असा होता, की मुदतीत सरकारने माहिती दिली नाही तर तक्रारीतील हकीकत खरी मानली जाईल. आयोगाने पत्रे पाठवली, वाट पाहिली आणि १९८३ साली हकीकत खरी मानली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. ते चालू असतानाच, जानेवारी १९८८ मध्ये, एका साक्षीदाराचा खून झाला. तरी जुलै १९८८ मध्ये निकाल लागला व होंडुरासचे सरकार दोषी ठरले. मात्र मौन म्हणजे आपोआप कबुली, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच देशाविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्यात पुरावा अपुरा पडला आणि १९८९ साली सरकार सुटले.

या यंत्रणेच्या मर्यादा लपविण्यात अर्थ नाही. निर्णयाला वर्षे लागतात, आणि अंमलबजावणी शेवटी त्याच सरकारच्या हाती असते. अडचण वाटू लागली की सरकारे दारच बंद करतात: जमैका १९९७ साली पूरक करारातून बाहेर पडला, बेलारूसने २०२२ साली तशी नोटीस दिली. बेलारूसने तर तक्रार समितीपुढे असताना माणसे फासावर चढवली. ब्लेअर यांचे अवशेष सापडले ते २०१९ साली, माँटेव्हिडिओतील एका लष्करी बटालियनच्या आवारात. समितीच्या निर्णयाला तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. लोकशाही परत येऊनही तीन दशके उलटली होती.

आता आपल्याकडे. जनता सरकारच्या काळात, एप्रिल १९७९ मध्ये, भारताने मूळ करार स्वीकारला. पूरक करार तेव्हाही स्वीकारला नाही आणि नंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने स्वीकारला नाही. त्यामुळे भारतीय नागरिकाची तक्रार मानवी हक्क समिती दाखल करून घेऊ शकत नाही. या मागणीवर संसदेत किती वेळा आवाज उठला, हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारावा.

तरीही दोन वाटा मोकळ्या आहेत, कारण त्यांना कोणत्याही कराराची अट नाही. बेपत्ता केलेल्या व्यक्तींसाठी १९८० साली नेमलेला कार्यगट, आणि मनमानी स्थानबद्धतेविषयी १९९१ साली नेमलेला कार्यगट. दुसऱ्या गटाकडे तक्रार गेली की सरकारला उत्तरासाठी साठ दिवस मिळतात. उत्तर आले नाही तरी गट आपले मत देऊ शकतो. पहिल्या गटाबाबत एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लिहून ठेवावी. सरकारचे उत्तर आले आणि कुटुंबाने सहा महिन्यांत हरकत घेतली नाही, तर ते प्रकरण उलगडले असे धरले जाऊ शकते. तेव्हा तक्रार पाठवून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. त्याने तारीख, वार, ठिकाण, कोणी पाहिले, कोणत्या गाडीतून नेले हे पहिल्याच आठवड्यात लिहून घ्यावे, पोलीस ठाण्याला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपावी, आणि कुटुंबाचा पत्ता बदलला तर तो कार्यगटाला कळवावा.