इंग्रजीतील संबंधी क्रियाविशेषणे
(प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. त्यामुळे वरच्या वर्गांत येईपर्यंत ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’ हे शब्द मुलांच्या परिचयाचे झालेले असतात; परंतु केवळ प्रश्न विचारणारे शब्द म्हणून. पुढे हेच शब्द संबंधी क्रियाविशेषणे होऊन येतात आणि मुले अडखळतात.

माझाच एक अनुभव सांगतो. गावच्या विहिरीवर चार वाक्ये लिहिताना एका मुलीने लिहिले, ‘धिस इज द वेल व्हेअर डू वुई ड्रॉ वॉटर.’ मी ‘डू’वर तांबडी रेघ ओढली. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, व्हेअरच्या पुढे डू येतो, हे तुम्हीच शिकवलंत ना?” ती खरे बोलत होती. प्रश्न आणि संबंध यांतील भेद मी कधी समजावूनच दिला नव्हता. उणीव माझ्या शिकवण्यात होती. रेघ मात्र तिच्या वहीत पडली.

वस्तुतः हा भेद मराठी मुलास उपजत ठाऊक असतो. ‘कोठे’ आणि ‘जेथे’, ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ यांत ते कधीच गल्लत करीत नाही. ‘क’ने प्रश्न, ‘ज’ने संबंध. इंग्रजीत दोन्ही कामांस एकच रूप असते. म्हणून मुलास विचारावे, “येथे ‘क’ आहे की ‘ज’?” सरळ प्रश्न असेल तर ‘व्हेअर डू यू लिव्ह?’, ‘ज’ असेल तर ‘डू’ नको, साधा क्रम: ‘द हाऊस व्हेअर आय लिव्ह.’

दुसरी गोष्ट शब्दांच्या स्थानाची. ‘ज्या दिवशी शाळा उघडते, तो दिवस’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत नाम आधी आणि संबंधी शब्द त्याच्या पाठोपाठ: ‘द डे व्हेन द स्कूल ओपन्स.’ ‘व्हाय’ याच रीतीने ‘रीझन’ या नामामागून येतो.

तिसरी गोष्ट, स्थळवाचक नाम दिसले की ‘व्हेअर’च हवे, असे नाही. येथेही मराठी प्रत्यय साह्य करतो. ‘ज्या घरात मी राहतो’ यात ‘त’ आहे, म्हणून ‘व्हेअर’. ‘जे घर मी बांधले’ यात तो नाही, म्हणून ‘द हाऊस विच आय बिल्ट’. ‘व्हेअर’च्या पोटात ‘इन विच’चा अर्थ असतोच, यास्तव ‘व्हेअर आय लिव्ह इन’ असे लिहू देऊ नये.

बंधुभगिनींनो, व्याख्या पाठ करून घेण्याची घाई नको. मुलांच्या तोंडची ‘जेथे-तेथे’, ‘जेव्हा-तेव्हा’ची वाक्ये प्रथम फळ्यावर लिहावीत आणि शेजारी त्यांची इंग्रजी रूपे मांडावीत. तांबडी पेन्सिल उचलण्यापूर्वी एकदा ‘क की ज?’ एवढेच विचारावे. बहुतेक वेळी मूल आपली चूक आपणच दुरुस्त करील, असा माझा अनुभव आहे.