परमुलखातील वाणसामान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अकरा महिने जर्मनीत राहून आलात, तिथे काय पाहिलेत ते सांगा." खरे सांगायचे तर मी तिथले राजवाडे फारसे पाहिले नाहीत. मी पाहिली ती वाणसामानाची दुकाने. तेव्हा त्यांच्याबद्दलच चार शब्द सांगते. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले परदेशी आहेत. उद्या लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जाण्याची वेळ येईल, तेव्हा यातले काही उपयोगी पडावे.

२०२३ च्या जानेवारीत यांना कारखान्याने स्टुटगार्टला कामावर पाठवले. मीही बरोबर गेले. मुलगी इथे सासूबाईंजवळ राहून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिची फी आणि घराचा हप्ता, दोन्ही तिथल्या भत्त्यातून शिल्लक टाकून भरायचे होते. यांनी पहिल्या आठवड्याचे साठ युरो माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "आता तू आणि तुझे दुकान."

त्या वेळी एका युरोला जवळजवळ नव्वद रुपये पडत. मी दुकानात जाई, किंमत बघे आणि मनात नव्वदने गुणे. फ्लॉवरचा गड्डा दोन युरोंचा, म्हणजे एकशे ऐंशी रुपये! लगेच हात मागे. दूध लिटरला एक युरो, म्हणजे नव्वद रुपये! मग एकच पिशवी घ्यायची आणि पाणी घालून तीन दिवस पुरवायची. भात, मसुरीची आमटी, बटाटा आणि इथून नेलेले लोणचे, एवढ्यावर मी सहा आठवडे संसार चालवला. आठवड्याला तीस युरो बाजूला पडत. माझी मला केवढी शाबासकी वाटे!

फेब्रुवारीच्या अखेरीस एका संध्याकाळी हे जिना चढताना मधेच बसले. आठ तास यंत्रापुढे उभे राहून आलेला माणूस, बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि पोटात नुसता भात. माझेही तोंड आले होते, पण मी बोलत नव्हते. हे रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अगं, पगार युरोत मोजतेस आणि भाजी रुपयांत. असा हिशेब कोणता वाणी करील?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. लेकीच्या फीसाठी मी तिच्या बापाच्या ताटातले काढून घेत होते. काटकसर ताटातून करायची नसते, ती नासाडीतून आणि फसगतीतून करायची असते, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी नवी वही घातली आणि नव्वदने गुणणे बंद केले. एका जिनसेचा भाव दुसऱ्या जिनसेशी ताडून पाहू लागले.

त्यासाठी भाषा यावी लागत नाही. तिथे फळीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात पाकिटाची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो. तो बारीक आकडाच वाचायचा. मोठे पाकीट स्वस्तच पडते असे नाही, हे त्यावरून उमगते. दुसरे असे की नजरेसमोरच्या फळीवर बहुधा महाग माल मांडतात. जरा वाकले की खालच्या फळीवर दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल सापडतो. आल्डीसारख्या स्वस्त दुकानांत तर बहुतेक माल असाच. दोन भावांनी १९४६ साली आपल्या आईचे छोटे दुकान हाती घेतले, त्याचा हा विस्तार, असे ऐकून मला मोठे कौतुक वाटले.

पीठ घेताना पिशवीवरचा आकडा बघावा. ४०५ म्हणजे आपला मैदाच. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. मी १०५० चे आणि कणीकोंड्यासकट दळलेले पीठ एकत्र करून पोळ्या करी. मसुरीची डाळ साध्या दुकानातही मिळते. कोथिंबीर, पुदिना, मिरच्या मात्र तुर्की लोकांच्या दुकानात घ्याव्या. जुड्या मोठ्या आणि भाव कमी. भेंडी तिथे दूरची पाहुणी, म्हणून महाग. कोबी, गाजर, बीट आणि आपला नवलकोल तिथले घरचे, म्हणून स्वस्त. क्वार्क नावाचे एक दुधाचे घट्ट दही मिळते, अगदी आपल्या चक्क्यासारखे. त्या पाडव्याला मी त्याचेच श्रीखंड केले, आणि हे दोन वाट्या जेवले.

आता माझी एक फजिती सांगते. दूधदुभत्याचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेण्यास बंदी आहे, म्हणून सासूबाईंनी कढवलेले तूप घरीच ठेवावे लागले. तिथे तुपाला बुटरश्माल्त्स म्हणतात, एवढे मी पाठ केले होते. एकदा दुकानात नुसते 'श्माल्त्स' लिहिलेला पुडा दिसला. पांढरेशुभ्र आणि निम्म्याहून कमी किमतीचे! मी उचलला. शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक तुर्की बाई होती. तिने माझ्या कपाळाची टिकली पाहिली, पुडा हातातून हळूच काढून घेतला, बोट नाकाला लावून नाक वर केले आणि डुकरासारखा आवाज काढला. ती डुकराची चरबी होती! आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून पोट धरून हसलो. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. पण स्वयंपाकघर दोघींना कळत होते. पुढे मी साधे लोणी आणून घरीच कढवू लागले. तेच स्वस्त पडले.

आणखी थोडे सांगते. रविवारी तिथे दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी यादी करून जावे. पोट भरलेले असताना जावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटल्या विकत घेऊ नयेत. घेतल्याच तर प्लॅस्टिकच्या बाटलीमागे बहुधा पंचवीस सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की परत मिळते. तारीख जवळ आलेल्या मालावर उतरत्या भावाची चिठ्ठी लावतात. तो त्याच दिवशी लागणार असेल तरच घ्यावा.

या साऱ्याने शिल्लक किती पडली? तीसच्या जागी आठवड्याला वीस युरो. कमीच. पण रोज ताटात भाजी, वाटीत घट्ट दही आणि पोळीवर तूप होते. फीचा दुसरा हप्ता पंधरा दिवस उशिरा गेला, एवढेच. मुलगी आज नोकरीवर आहे. तिला ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्ही उपाशी राहून भरलेली फी मला गोड लागली असती का?"

आता आपल्याकडेही पाकिटांवर ग्रॅममागचा भाव छापतात. उद्या दुकानात गेलात की चष्मा लावून तो बारीक आकडा वाचा, आणि पुढच्या सभेला आपापली वही घेऊन या. कोणाचे काय वाचले ते मिळून पाहू.