जुन्या ट्रॅक्टरचा रंग : कुठे घासावा, कुठे खरवडावा

पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावतो, खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो. घरात ट्रॅक्टर असेल तर त्यालाही हार पडतो. पण हार घालताना बॉनेटवरून हात फिरवून पाहा. पुष्कळ ठिकाणी हाताला खडूसारखी भुकटी लागते. मूळचा लालभडक रंग विटकरी झालेला असतो, निळा राखाडी झालेला असतो. मग कोणीतरी सांगतो, "डबा आणा आणि ब्रश मारून टाका, नवा दिसेल." इथेच पैसा वाया जातो. कारण काही ठिकाणी नव्या रंगाची गरजच नसते, आणि जिथे गरज असते तिथे नुसता ब्रश मारून भागत नाही. हा फरक कसा ओळखायचा आणि कोणते काम कसे करायचे, ते आज पाहू.

रंग विटतो का?

रंगात दोन मुख्य गोष्टी असतात. एक रंगाची भुकटी आणि दुसरी ती धरून ठेवणारी चिकट खळ. उन्हातील अतिनील किरणांनी वरच्या थरातील खळ झिजते, भुकटी मोकळी होते आणि हाताला लागते. खालचा थर मात्र अजून चांगला असतो. म्हणजे रंग मेलेला नसतो, त्यावर मेलेल्या थराचा पडदा आलेला असतो. तो पडदा काढणे म्हणजे पॉलिश करणे.

गंजाची गोष्ट वेगळी. जिथे ओरखडा पडून पत्रा उघडा होतो, तिथे पाणी आणि हवा मिळून लोखंड खातात. हा गंज रंगाच्या खालून पसरतो. वरून बोटभर फोड दिसतो, खरवडला तर तळहाताएवढा निघतो. आपल्याकडे त्याला रासायनिक खतांची जोड मिळते. युरिया, पोटॅश ही खते हवेतला ओलावा ओढून घेतात. खताच्या गोणी वाहिल्यावर मडगार्डच्या कोपऱ्यात उरलेली चिमूटभर खत पावसाळाभर तिथला पत्रा ओला ठेवते. शेणमूत्राचे तसेच, आणि कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याचेही तसेच.

आधी परीक्षा

बॉनेटवर वीतभर जागा स्वच्छ धुऊन ओली करा. ओली असताना रंग मूळच्यासारखा गडद दिसला, तर तो पॉलिशने परत येईल. ओला होऊनही फिकाच राहिला, किंवा खालचा अस्तराचा रंग डोकावू लागला, तर घासण्याजोगा थर उरलेला नाही. तिथे रंगच द्यावा लागेल. जिथे फोड, पापुद्रे किंवा तांबूस डाग आहेत, तिथे गंज काढल्याशिवाय काही करू नका. एकाच ट्रॅक्टरवर हे तिन्ही प्रकार सापडतात. खडूने खुणा करून ठेवा, म्हणजे घाई होणार नाही.

धुणे

इंजिन थंड असावे, ट्रॅक्टर सावलीत असावा. बॅटरीची ऋण तार सोडवा. एअर क्लीनरचे तोंड, सायलेन्सरची नळी आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाका. आधी भरपूर पाणी सोडून धूळ-माती वाहू द्या. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, मातीचे कण काचकागदासारखे ओरखडे काढतात. नंतर सौम्य पातळ साबणाने वरून खाली धुवा. कपड्याचा सोडा वापरू नका. इंजिनच्या अंगावरचे वंगण डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने सुटते. ते खाली टाकलेल्या पत्र्यात गोळा करा, विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

पॉलिश

साहित्य थोडेच लागते : रबिंग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स आणि मऊ सुती कापड. जुने धोतर किंवा बनियन उत्तम, मात्र बटण, शिवण काढून टाका.

एका वेळी फूटभर चौरस जागा घ्या. ओलसर कापडावर थोडे कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासा. कापडाला ट्रॅक्टरचा रंग लागेल. घाबरू नका, जुन्या साध्या इनॅमलमध्ये तसे व्हायचेच. अलीकडच्या काही वाहनांवर रंगावर पारदर्शक थर असतो, तिथे कापडाला रंग लागला तर तो थर संपला असे समजून थांबावे. पत्र्याच्या कडा आणि उंचवटे यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे एकदोनदाच हात फिरवा, नाहीतर खालचा पत्रा दिसू लागेल.

पृष्ठभाग फारच खरखरीत असेल तर कंपाउंडच्या आधी १५०० किंवा २००० नंबरचा पाणीपेपर वापरा. पेपर पाण्यात भिजवून जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याला गुंडाळा, म्हणजे बोटांचे खड्डे पडत नाहीत. कंपाउंड पुसून काढल्यावर पॉलिश आणि शेवटी वॅक्सचा पातळ हात द्या. चमक पॉलिशने येते, ती टिकते वॅक्समुळे. दर तीन-चार महिन्यांनी, आणि मिरगाच्या आधी तर नक्कीच, वॅक्सचा हात द्यावा.

गंजाचे काम

इथे पॉलिशचा काही उपयोग नाही. गंजावर मारलेला रंग म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला दिलेला चुना.

सैल पापुद्रे खरवडा, तारेच्या ब्रशने घासा. नंतर ८०, मग १२० आणि शेवटी २२० नंबरच्या पेपरने लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा. भोवतालच्या चांगल्या रंगाची कड उतरती करा, बोट फिरवले तर पायरी लागता कामा नये. खड्ड्यांतला गंज पेपरने निघत नसेल तर फॉस्फोरिक आम्लाचे गंज काढणारे द्रावण मिळते. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते लावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण कोरडे करा.

आता महत्त्वाचे सांगतो. उघडे लोखंड रात्रभर तसेच ठेवू नका. दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. त्याच दिवशी थिनरच्या फडक्याने पुसून प्रायमर लावा. रेड ऑक्साइड सगळीकडे मिळते, झिंक फॉस्फेटचा किंवा इपॉक्सी प्रायमर अधिक टिकतो. खड्डा असेल तर त्यात लांबी म्हणजे पुट्टी भरा, पण पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देऊन. गंजावर लांबी कधीही भरू नका. वाळल्यावर ३२० किंवा ४०० नंबरच्या पाणीपेपरने सपाट करा, आणि पुन्हा प्रायमरचा हात द्या.

नंतर रंग. सिंथेटिक इनॅमल टर्पेंटाइनने पातळ करतात. एन.सी. रंगाचे थिनर तीव्र असते. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर एन.सी. रंग मारला तर खालचा रंग फुगून सुरकुत्या पडतात. म्हणून दुकानातून रंग आणि त्याचाच थिनर सोबत घ्या. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात केव्हाही चांगले. जाड थराचे ओघळ येतात, आणि वरून सुकून आत ओला राहतो. हे काम पावसाळी दमट हवेत करू नये, तापलेल्या पत्र्यावरही करू नये. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस चांगले, फक्त सकाळचे दव उडून जाऊ द्या. नव्या इनॅमलला निदान महिनाभर कंपाउंड किंवा वॅक्स लावू नका, तो पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

रेडिएटरची जाळी, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा, ग्रीसचे निपल आणि चासी व इंजिनच्या क्रमांकाची पाटी यांवर रंग जाऊ देऊ नका. जाळीवर रंगाचा जाड थर बसला तर इंजिन तापते. क्रमांक बुजला तर नोंदणीच्या वेळी अडचण येते. ट्रॅक्टरचा रंगच बदलायचा असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात चौकशी करा, कारण नोंदणी पुस्तकात रंगाची नोंद असते.

जिवाची काळजी

जुन्या रंगांत शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीचा रंग घासताना ती धूळ नाकात जाते, अंगणात पडते आणि रांगणाऱ्या लेकराच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला घासा. नाकातोंडावर मास्क असू द्या. मुले, गरोदर बाया आणि गुरांची वैरण लांब ठेवा. खरवडलेला रंग गोळा करून बांधून ठेवा, चुलीत किंवा उकिरड्यात टाकू नका. काम झाल्यावर कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

थिनरची वाफ झटकन पेट घेते. जवळ विडी, चूल, वेल्डिंग काही नको. डिझेलच्या टाकीजवळ ग्राइंडर चालवू नका. हार्डनर मिसळून फवारायचा पी.यू. रंग घरी करू नये. त्याची वाफ फुप्फुसांना इजा करते, साधा मास्क तिथे पुरत नाही. ते काम साधने असलेल्या पेंटरकडेच द्यावे.

विकत घेणाऱ्यांसाठी

पुष्कळ लहान शेतकरी जुना ट्रॅक्टर घेतात, तोही कर्ज काढून. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ताज्या रंगाचा ट्रॅक्टर पाहायला जाताना खिशात एक लोहचुंबक न्या. त्याला पातळ फडके गुंडाळा आणि बॉनेट, मडगार्डवर फिरवा. जिथे चुंबक धरत नाही किंवा ढिला धरतो, तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. मडगार्डचे बोल्ट, सीटचा आधार आणि पाय ठेवायची पाटी खालून पाहा. बॉनेटला भोक पडले तर दिसायला वाईट एवढेच, पण सीटचा आधार किंवा पायाची पाटी गंजून तुटली तर चालत्या ट्रॅक्टरवरचा माणूस मागच्या चाकाखाली जातो. असे भाग रंगवायचे नसतात, बदलायचे असतात. रबरी नळ्यांवर रंगाचे शिंतोडे दिसले तर रंग घाईने दिला आहे असे समजा आणि पुढची तपासणी दुप्पट करा.

आणि आपण विकणारे असू, तर गंज झाकून विकू नये. पलीकडचाही शेतकरीच असतो.

पुढची निगा

खत किंवा औषध वाहून आल्यावर त्याच दिवशी ट्रॅक्टर धुवा, मडगार्डच्या आतल्या बाजूनेही. झाडाची सावली बरी, पण पाखरांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंग खातो, तो लगेच ओल्या फडक्याने काढा. प्लॅस्टिकचा कागद पत्र्याला चिकटवून झाकू नका, आत घाम धरतो. चार खांबांवर पत्र्याचे छप्पर केले आणि वारा खेळता ठेवला तर पुष्कळ काम झाले. नवा ओरखडा दिसला की पेपर घासून प्रायमरचा ठिपका लावा. एच.एम.टी.सारख्या ज्या कंपन्यांचे ट्रॅक्टर आता बनत नाहीत, त्यांचे मूळ बॉनेट, मडगार्ड मिळवायला भंगारबाजार धुंडाळावा लागतो. त्यांच्या मालकांनी तर पत्रा जपलाच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, येत्या सुट्टीच्या दिवशी एक बादली पाणी, एक खडू आणि एक लोहचुंबक घ्या आणि आपल्याच ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारा. कुठे घासायचे, कुठे खरवडायचे आणि कुठे भाग बदलायचा, ते तुमचे तुम्हालाच कळेल. रंगाचा डबा आणायला जायचे ते त्यानंतर.