जुनी गाडी, नवा बाजार

‘आजोबांच्या माळ्यावर सापडलेली जुनी आगगाडी. आम्हाला यातलं काही कळत नाही. तपासलेली नाही, आहे त्या स्थितीत विकणे आहे.’

मोबाइलवर अशी जाहिरात दिसली की माझ्या छातीत धडधड सुरू होते. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणजे शब्दांशी रोजचा व्यवहार. तरीही या तीन वाक्यांचा अर्थ कळायला मला पाच-सहा वर्षं आणि बरेच हजार रुपये खर्चावे लागले. पुष्कळदा अर्थ असा असतो : माळा आणि आजोबा दोन्ही काल्पनिक, विकणाऱ्याला यातलं सगळं कळतं, आणि गाडी तपासून झालेली आहे. ती चालत नाही, एवढंच त्याला आपल्या तोंडानं सांगायचं नाही.

हा छंद कसला, ते आधी सांगतो. खऱ्या रेल्वेच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जमवायच्या, रूळ मांडायचे, गाड्या चालवायच्या. पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. माझं हे वेड मात्र कुर्डुवाडीचं. अब्बा तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे ही १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी गाडी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली. आषाढीला पंढरपूरकडे जाताना तिच्या टपावरही माणसं असत. पुढे टप्प्याटप्प्यानं तो मार्ग ब्रॉडगेज झाला. अब्बाही गेले. मग वाटलं, तशी एक गाडी घरात तरी फिरावी.

नवीन मॉडेलं परदेशातून येतात आणि महाग पडतात. शिवाय कंपन्या एकेक मॉडेल ठरावीक संख्येनं काढतात. ते संपलं की संपलं. म्हणून आमच्यासारख्यांना जुन्या बाजाराशिवाय गत्यंतर नाही. पूर्वी जुना बाजार म्हणजे रविवारची फूटपाथ. तिथे वस्तू हातात घेता यायची, चाक फिरवून बघता यायचं, विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघता यायचं. आताच्या बाजारात हातात फक्त फोटो असतो आणि फोटोखालचे चार शब्द.

पहिला दणका मापानं दिला. अडीच फुटी गाडीचे रूळ खऱ्यात ७६२ मिलिमीटर रुंद. ८७ पट लहान केले की पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणून अशा मॉडेलांना ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. एका जाहिरातीत ‘९ मिलिमीटर’ वाचलं आणि मी दोन डबे मागवले. आले ते काडेपेटीतल्या खेळण्यासारखे. माझं इंजिन त्यांच्यापुढे रेड्यासारखं दिसायला लागलं. झालं असं होतं की ‘एन’ नावाच्या मापाच्या गाड्याही ९ मिलिमीटरच्याच रुळांवर चालतात. पण त्या मोठ्या गाडीच्या दीडशे-एकशेसाठ पट लहान प्रती असतात. रूळ तोच, गाडी निराळी. विकणाऱ्यानं एक अक्षर खोटं लिहिलेलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते मीच विचारलं नाही. तेव्हापासून वस्तूशेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवून काढलेला फोटो मागितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

दुसरा धडा विजेचा. बहुतेक मॉडेलं दोन रुळांमधून मिळणाऱ्या डीसी विजेवर चालतात. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीची जुनी पद्धत वेगळी : वीज एसी, आणि ती मधल्या तिसऱ्या वाटेनं यायची. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण ती चाकं आपल्या दोन रुळांवर ठेवली की शॉर्टसर्किट ठरलेलं. फोटोत दोन्ही डबे सारखेच देखणे दिसतात. तसंच ट्रान्सफॉर्मरचं. अमेरिकेतून आलेला ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीतून २३० येतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीचं रबर सुकून तडकलेलं असतं. इंजिन जुनं चालेल, ट्रान्सफॉर्मर मात्र नवाच घ्यावा. घरात मुलं असतील तर यात काटकसर नकोच.

मग शब्दांचा सापळा. हल्ली गाड्या डिजिटल पद्धतीनंही चालवतात. तिचं नाव डीसीसी. जाहिरातीत ‘डीसीसी रेडी’ लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, सगळं तयार आहे. त्याचा अर्थ एवढाच की आत चिप बसवायला जागा आहे, चिप नाही. ती तुम्ही वेगळी घ्यायची. ‘दुर्मीळ’ म्हणजे मला याची किंमत जास्त हवी. ‘मूळ खोक्यासह’ म्हणजे खोकं आहे. पण ते याच इंजिनाचं आहे का, हे खोक्यावरचा क्रमांक इंजिनाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. नुसती जुनी खोकीही विकली जातात, आणि जुन्यासारखी दिसणारी नवी खोकीही.

सगळ्यात वाईट दुखणं मात्र फोटोत सहसा दिसत नाही. इंजिनांची चौकट बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असते. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली, तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला बारीक चिरा जातात आणि शेवटी बिस्किटासारखा भुगा होतो. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मॉडेलांत हे फार, पण अलीकडच्या काही मॉडेलांतही आढळलं आहे. म्हणून खालच्या बाजूचा, चौकटीचा, जवळून काढलेला फोटो मागावा. चौकट वाकलेली किंवा केसासारखी रेघ दिसली, तर इंजिन कितीही सुंदर असो, नमस्कार करून परतावं.

लिलावाबद्दल एवढंच सांगतो की आकडा आधी कागदावर लिहावा. रात्री अकरा वाजता, शेवटच्या दोन मिनिटांत, समोर न दिसणारा कुणी माणूस शंभर-शंभरनं चढवत असतो तेव्हा आपण गाडी घेत नसतो, भांडत असतो. आणि त्या आकड्यात टपालखर्च धरावा. वस्तू परदेशातली असेल तर कस्टमची ड्यूटीही धरावी. हे दोन मिळून कधीकधी गाडीच्याही पुढे जातात.

हे झालं घेण्याचं. विकण्याचे काटे वेगळे. एकदा मी काही रूळ विकायला काढले. पाच मिनिटांत फोन. घासाघीस नाही, चौकशी नाही. ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, माणूस येऊन घेऊन जाईल. पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका.’ मी पिनचे दोन आकडे टाकलेही होते. शेजारी बसलेल्या मुलीनं हात धरला. ‘अब्बा, पैसे यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला.’ श्रोतेहो, आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एक वाक्य राहू द्या. चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. पैसे आल्याचा नुसता स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर त्यावरही विसंबू नये. आपल्या खात्यात बघावं.

इथवर मी फसलेल्या माणसासारखा बोललो. आता एक कबुली.

माझ्याकडे एक हिरवं, छोटं इंजिन होतं. दहा मिनिटं उत्तम चालायचं, मग मोटर तापली की थांबायचं. अर्ध्या तासानं पुन्हा चालायचं. ते विकायला काढलं तेव्हा मी लिहिलं, ‘इंजिन चालतं.’ चालतंच होतं. सोबत दोन मिनिटांची चित्रफीत जोडली. दहा मिनिटांची जोडली नाही. भुसावळच्या एका निवृत्त गार्डसाहेबांनी साडेतीन हजार देऊन ते घेतलं. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला : ‘गाडी पोचली. छान आहे. दहा मिनिटांनी थांबते. आमच्या वेळीही इंजिन पाणी घ्यायला थांबायचंच. नातू तोवर थांबून बघत बसतो.’

त्यांनी तक्रार केली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. या निरोपाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला फसवणाऱ्यांची भाषा मी किती सहज उचलली होती! रात्री उशिरा त्यांना फोन केला, खरं काय ते सांगितलं, इंजिन परत पाठवा म्हणालो. ते म्हणाले, ‘नातू सोडणार नाही, कवीसाहेब.’ मग अर्धे पैसे परत पाठवले. मोटरमधलं सुकलेलं ग्रीस काढून तेलाचा एक थेंब कुठे सोडायचा आणि ब्रश कसे बदलायचे, तेही लिहून कळवलं.

अब्बा पैगंबरसाहेबांची एक गोष्ट सांगायचे. बाजारात धान्याची एक रास होती, वरून कोरडी. त्यांनी आत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसात भिजलं. त्यावर त्यांचं विचारणं असं होतं की भिजलेले दाणे वर का नाही ठेवले, लोकांना दिसतील असे? लहानपणी मला वाटायचं, ही गोष्ट धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. मोबाइलवरचा फोटो म्हणजे राशीचा वरचा थरच. घेणाऱ्याला त्यात हात घालता येत नाही. म्हणून ओले दाणे वर आणून ठेवायचं काम विकणाऱ्याचं.

परवा एक डबा विकायला काढला. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘एक पायरी तुटलेली आहे. छप्पर पुन्हा रंगवलेलं आहे.’ किंमत तीनशेनं कमी लावली. तीन दिवस कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी एकाचा निरोप आला, ‘पायरी कुठली, डावी की उजवी?’

उजवी, म्हणून कळवलं. संध्याकाळी पैसे आले आणि डबा गेला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)