सुरतेला बिऱ्हाड हलवताना



नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आपल्या खानदेशातले कितीतरी कर्ते पुरुष याच मार्गाने सुरतेला कामाला गेले. तो तिकडे, ती इकडे आणि संसार फोनवर. मग एक दिवस निरोप येतो, "खोली मिळाली, आता तू ये." आनंदाने जा. पण ही कामं उरकून जा.

आधी गटाचा हिशेब. कर्ज बाकी असेल तर हप्ते कसे येणार, ते बैठकीत लिहून ठेवा. बचत तुमच्या घामाची आहे, मागायला लाजू नका.

रेशनकार्डाला सगळ्यांचं आधार जोडा. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत सुरतेतही धान्य मिळतं. सासूबाई गावी राहिल्या तर त्यांचा वाटा गावातच उचलता येतो.

मुलांचा शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, चौकशी करा. जातीचे दाखले इथूनच काढा. आरक्षणाचा हक्क मूळ राज्यातला असतो, सीमा ओलांडली की तो तिकडे आपोआप लागू होत नाही.

बँकेचं पासबुक आणि मोबाइल नंबर स्वतःच्याच नावाचा ठेवा. परक्या गावात शेजारीण ओळखीची होईपर्यंत वेळ लागतो. घरात त्रास झालाच तर 181 फिरवा, गुजरातेतही हाच नंबर चालतो.

नवऱ्याजवळ राहायला जायचं म्हणजे आपले कागद त्याच्या पेटीत टाकायचे, असं नाही. ते आपल्याच पिशवीत असू द्या.